गोच्या सरावासाठी प्रश्नांचं पुस्तक कसं निवडायचं

गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ शिकून सात-आठ महिने झाले होते. ९ बाय ९ चा पट सोडून मी १९ बाय १९ वर आले होते, ऑनलाइन सर्व्हरवर १५ क्यूच्या आसपास (क्यू म्हणजे शिकणाऱ्यांची श्रेणी, आकडा जितका लहान तितका खेळाडू वरचा) अडकले होते आणि ज्याला विचारावं तो एकच सांगत होता: प्रश्न सोडव. म्हणून मी मोठ्या हौसेनं 'इगो हात्सुयोरोन' मिळवलं. जपानमधल्या इनोउए या गो खेळाडूंच्या घराण्याचे प्रमुख इनोउए दोसेत्सु इनसेकी यांनी १७१३ साली रचलेला हा १८३ प्रश्नांचा संग्रह. एके काळी तो घराण्याबाहेर कुणाला दाखवतही नसत. त्यातल्या १२० व्या प्रश्नावर व्यावसायिक खेळाडूंनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलं. २०१९ मध्ये काटागो या गो खेळणाऱ्या संगणक प्रणालीला खास त्या एका प्रश्नासाठी तयार केलं, तेव्हा त्यात कुणाला न दिसलेल्या चाली निघाल्या. मी त्या पुस्तकातल्या पहिल्याच प्रश्नावर तीन संध्याकाळी घालवल्या. मग उत्तर पाहिलं, तेही कळलं नाही.

आमच्या रविवारच्या बैठकीत एक काका येतात. त्यांनी ते पुस्तक हातात घेतलं, चाळलं आणि म्हणाले, "अगं, अजून सा नीट लागत नाही आणि तू तराणा धरलास." पुढच्या रविवारी त्यांनी मला एक पातळसं पुस्तक आणून दिलं. त्यातला प्रत्येक प्रश्न दोन-तीन चालींत संपत होता. खरं सांगायचं तर मला कमीपणा वाटला. पण त्याच पुस्तकानं माझा खेळ हलला. तेव्हापासून नवीन खेळाडूंना पुस्तक सुचवताना मी एकच गोष्ट आग्रहानं सांगते: तुम्हाला जे पुस्तक हवंसं वाटतं, त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या सोपं पुस्तक तुमच्या कामाचं असतं. ते नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं ते खाली सांगते. नियम, आटारी (पुढच्या चालीत पकडली जाईल अशी स्थिती), डोळा (गटाच्या आतली त्याची स्वतःची रिकामी जागा; असे दोन असले की गट जगतो), को (एकच सोंगटी आळीपाळीनं पकडली जाण्याची झटापट) एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते.

पायरी १: हरलेले डाव समोर ठेवा

पुस्तकाच्या दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी आपले शेवटचे दहा हरलेले डाव उघडा. प्रत्येक डावात एकच प्रश्न विचारा: डाव कुठे गेला? एका वहीत एका ओळीत लिहा. "उजव्या कोपऱ्यातला गट मेला." "शिडी दिसली नाही, तीन सोंगट्या गेल्या." "पळत सुटले, पळताना दोन गट तुटले." "शेवटी पहिल्या-दुसऱ्या रेषेवर दहा गुण सोडले."

संगणकाकडून विश्लेषण करून घेत असाल तर एक काळजी घ्या. तो प्रत्येक चालीला गुण देतो आणि सुरुवातीच्या एखाद्या चालीतही तुमचे पाच-सहा गुण गेल्याचं दाखवतो. ते खरं असतं, पण त्यानं डाव गेलेला नसतो. ज्या जागी तुम्हाला उत्तर दाखवल्यावर "अरेच्चा, हे तर दिसायला हवं होतं" असं वाटतं, त्याच जागा वहीत घ्या. दाखवूनही जे कळत नाही, ते अजून तुमच्या अभ्यासाचं नाही.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दहापैकी सात डावांत कुठलातरी गट मेला होता किंवा कापून टाकणाऱ्या सोंगट्या पकडायच्या राहिल्या होत्या. आणि त्या काळात मी वाचत काय होते? डावाच्या सुरुवातीचं, म्हणजे फुसेकीचं पुस्तक. बुद्धिबळातून गोकडे आलेल्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. ओपनिंग पाठ करायची सवय हाताला असते, म्हणून इथेही पहिलं पुस्तक फुसेकीचं किंवा जोसेकीचं, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरावीक चालींचं, घेतलं जातं. साधारण १० क्यूपर्यंत डावांचा निकाल सोंगट्या पकडण्यावर आणि गट जगण्या-मरण्यावरच लागतो. तोवर फुसेकीच्या प्रश्नांना हात लावू नका, हे माझं ठाम मत आहे.

पायरी २: कोणत्या प्रकारचे प्रश्न हवेत ते ठरवा

प्रश्नांची पुस्तकं ढोबळमानानं अशी असतात. त्सुमेगो म्हणजे गट जगवण्याचे किंवा मारण्याचे प्रश्न. तेसुजी म्हणजे स्थानिक झटापटीतली नेमकी, चपखल चाल शोधण्याचे प्रश्न: सोंगट्या पकडणं, कापणं, खालून जोडून घेणं, आणि शिडी, जाळं, स्नॅपबॅक या पकडण्याच्या ठरावीक युक्त्या. सेमेआई म्हणजे दोन गटांनी एकमेकांना आधी पकडण्याची शर्यत. योसे म्हणजे शेवटच्या टप्प्यातली गुणांची राखण. आणि फुसेकी.

यात त्सुमेगो आणि तेसुजी हे पाया आहेत. बाकीचं तुमच्या वहीत ज्याची ओळ वारंवार आली असेल त्याप्रमाणे घ्या.

पण याहून महत्त्वाचा एक फरक आहे आणि तो मुखपृष्ठावर कधीच लिहिलेला नसतो. काही पुस्तकं प्रश्नाखाली सांगतात, "काळ्याची चाल, कोपरा जगवा." काही फक्त "काळ्याची चाल" एवढंच म्हणतात आणि पकडायचं, जगायचं की जोडायचं हे तुम्हालाच ओळखावं लागतं. प्रत्यक्ष डावात तुमच्या कानात येऊन कुणी सांगत नाही की आता इथे स्नॅपबॅक आहे. म्हणून सुरुवातीचं पुस्तक सांगणारं असावं आणि त्याच्या पुढचं न सांगणारं, सगळे प्रकार मिसळलेलं. एका प्रकरणात चाळीस प्रश्न जाळ्याचेच असतील, तर पाचव्या प्रश्नानंतर तुम्ही विचार न करता जाळं टाकत सुटता. आकार ओळखीचा व्हायला तेवढं पुरतं, पण तो डावात आपणहून दिसायला मिसळलेले प्रश्न लागतात.

पायरी ३: दहा प्रश्नांची परीक्षा

आता खरी निवड. पुस्तक मित्राकडून घेतलं असेल, नमुन्याची पानं ऑनलाइन दिसत असतील किंवा ॲपमध्ये काही भाग फुकट असेल, तर हे करा.

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, तिथले प्रश्न नेहमी सोपे असतात. पुस्तकाच्या मधल्या भागातले दहा प्रश्न निवडा, सलग नकोत, थोडं थोडं अंतर सोडून. सोंगट्या मांडायच्या नाहीत, बोट टेकवायचं नाही, फक्त डोळ्यांनी वाचायचं. प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट. उत्तर कागदावर लिहायचं आणि दहाही झाल्यावर एकदम तपासायचं.

नऊ-दहा बरोबर आले, तेही प्रत्येकी पंधरा-वीस सेकंदांत, तर हे पुस्तक तुमच्यासाठी पाढ्यांसारखं आहे. वेग वाढवायला ठेवा, पण मुख्य अभ्यासाला नको. सात-आठ बरोबर आले, तर हेच तुमचं पुस्तक, घेऊन टाका. पाच-सहा आले, तर सहा महिन्यांनी. त्याहून कमी आले, तर कितीही नावाजलेलं असलं तरी बंद करून कपाटात ठेवा.

सातपेक्षा कमी का नको? कारण न सुटणाऱ्या प्रश्नावर आपण फार काळ वाचत बसत नाही. दोन मिनिटांत कंटाळतो, उत्तर पाहतो, "हं, असं होय" म्हणतो आणि पान उलटतो. हाताशी काही लागत नाही. उलट सुटणाऱ्या प्रश्नात तोच आकार पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जातो आणि मुरतो. गाण्याच्या रियाजात पलटे जसे रोज घोटून घेतात, तसंच. पलटा अवघड आहे म्हणून कुणी घोटत नाही. मैफलीत गळा आपोआप वळावा म्हणून घोटतात.

इथे "बरोबर" म्हणजे काय, हे नीट ठरवलं नाही तर सगळी परीक्षा खोटी ठरते. पहिली चाल बरोबर आली एवढ्यावर खूण करू नका. समोरच्याचं सर्वांत चिवट उत्तर आणि त्यानंतरची तुमची चाल लिहिली असेल तरच तो प्रश्न सुटला. याचं एक उदाहरण देते. वाचता वाचता मनात मांडून पाहा.

पटाच्या कडेला, कोपऱ्यापासून दूर, दुसऱ्या रेषेवर काळ्याच्या सहा सोंगट्या ओळीनं आहेत. वर आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या सोंगट्यांचा भक्कम वेढा. त्या सहांच्या खाली, पहिल्या रेषेवर सहा रिकाम्या जागा. डावीकडून त्यांना १ ते ६ म्हणू. काळ्याची चाल. जगेल का?

बहुतेक जण असं वाचतात: काळा १ वर खेळतो आणि डावी बाजू बंद करतो. पांढरा उजवीकडून ६ वर शिरतो. काळा ५ वर अडवतो आणि ६ वरची पांढरी सोंगटी आटारीत येते. पांढरा ती बाहेरून जोडून वाचवतो. मग काळा ३ वर खेळतो, २ आणि ४ असे दोन डोळे झाले, काळा जगला.

हे चुकलं. सहाव्या जागेवरची सोंगटी वाचवायला पांढरा बांधलेला नाही. तो ती सोडून देतो आणि थेट ३ वर खेळतो. आता २, ३, ४ या तीन जागांच्या मधोमध पांढरी सोंगटी बसली, तिथे दोन डोळे होत नाहीत. काळ्यानं बाहेरून ६ वरची सोंगटी खाल्ली तरी तिथला डोळा खोटा. खाणारी सोंगटी स्वतःच आटारीत सापडते आणि तिला जोडून घ्यायचं तर ती जागा भरावी लागते. गट मेला. काळ्यानं पहिली चाल कुठेही केली तरी मेलाच.

आता त्याच ओळीत एक सोंगटी वाढवा. सात सोंगट्या, सात जागा. काळा १, पांढरा ७, काळा ६. उरल्या २, ३, ४, ५ या सरळ चार जागा, आणि सरळ चार जागांमध्ये पांढरा कुठेही खेळला तरी काळा शेजारी खेळून दोन डोळे करतो. जगला. सातच्या ओळीत पांढऱ्याची चाल असती तर मात्र तो दोन्ही बाजूंनी शिरून मधोमध बसला असता आणि गट मेला असता. म्हणून खेळाडू म्हणतात, कडेवर दुसऱ्या रेषेला सहा मरतात, आठ जगतात. सातांचा निकाल ज्याची चाल असेल त्याच्या हाती. कोपऱ्यात हाच हिशेब चार मरतात, सहा जगतात असा होतो.

ज्यांनी सहाच्या प्रश्नाला "३ वर खेळून जगला" असं लिहिलं, त्यांनी पांढऱ्याची चाल स्वतःच्या सोयीनं ठरवली. परीक्षेत हीच चूक शोधायची असते. तुमच्या दहा उत्तरांत ती तीन-चारदा निघाली, तर पुस्तक एक पायरी खालचं घ्या, मग पहिल्या चाली कितीही बरोबर आलेल्या असोत.

पायरी ४: उत्तरं कशी छापली आहेत ते पाहा

प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर, शेजारी शेजारी असतील, तर डोळा नकळत तिकडे जातोच. उत्तर पान उलटल्यावर यावं. सर्व उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असली तरी चालतं, पण दर वेळी दोनशे पानं उलटायचा कंटाळा येतो आणि आपण तपासायचं टाळतो.

चांगल्या पुस्तकात फक्त बरोबर उत्तराची आकृती नसते, चुकलेल्या चालीचीही असते. "काळा इथे खेळला तर पांढरा असं उत्तर देतो, म्हणून हे चुकलं." सुरुवातीच्या खेळाडूला ही दुसरी आकृती पहिलीइतकीच शिकवते, कारण त्यानं बहुधा तीच चाल निवडलेली असते. वर दिलेल्या सहा सोंगट्यांच्या प्रश्नात ३ वरचं पांढऱ्याचं उत्तर छापलेलं नसेल, तर नवशिका आयुष्यभर तो गट जिवंत समजेल. १५ क्यूपर्यंत न पोचलेल्या कुणीही चुकलेल्या चालींच्या आकृत्या नसलेलं पुस्तक पहिलं म्हणून घेऊ नये.

उत्तरं नसलेली पुस्तकंही असतात. त्यांची जागा पुढे आहे, १० क्यूच्या वर गेल्यावर. तेव्हा आपली चाल आपणच पडताळता आली पाहिजे.

पायरी ५: पातळीप्रमाणे पुस्तकं

क्यू आणि डान (क्यूच्या वरच्या श्रेणी) प्रत्येक सर्व्हरवर थोडे वेगवेगळे मोजले जातात. एकीकडचा ८ क्यू दुसरीकडे ५ क्यू दिसतो. तेव्हा खालचे आकडे अंदाजाचे समजा आणि शेवटचा शब्द दहा प्रश्नांच्या परीक्षेला द्या.

अगदी सुरुवात, ३० ते २० क्यू. इथे कानो योशिनोरी यांची 'ग्रेडेड गो प्रॉब्लेम्स फॉर बिगिनर्स' ही चार खंडांची मालिका मी डोळे झाकून सुचवते. काकांनी मला दिलेलं पातळ पुस्तक याच मालिकेचा दुसरा खंड होता. पहिल्या खंडात आटारी, पकडणं, डोळे हे इतकं हळूहळू वाढत जातं की दहा-बारा वर्षांच्या मुलालाही एकट्यानं सोडवता येईल. उत्तरं पानामागे, चुकलेल्या चालींच्या आकृत्यांसह. पहिले दोन खंड सुट्टीत संपतात. तिसऱ्यापासून वेग मंदावतो आणि चौथ्या खंडाला बऱ्याच जणांना वर्ष लागतं. चौथा खंड लगेच विकत घेऊ नका. लहान मुलांसाठी कोरियातली 'लेव्हल अप' ही दहा पुस्तकांची मालिकाही चांगली आहे. तिच्यात एकेका आकारावर भरपूर सोपे प्रश्न असतात.

२० ते १० क्यू हा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत निर्णायक. इथे समजावून सांगणारं एक पुस्तक आणि नुसत्या प्रश्नांचं एक पुस्तक अशी जोडी ठेवा. समजावण्यासाठी जेम्स डेव्हिस यांची दोन इंग्रजी पुस्तकं, 'लाइफ अँड डेथ' आणि 'तेसुजी'. दोन्ही १९७५ ची, तरी आजही त्यांना पर्याय सांगणं कठीण आहे. 'लाइफ अँड डेथ'मध्ये आकार शिस्तीनं येतात: दुसऱ्या रेषेवरचे गट, कोपऱ्यातला एल आकाराचा गट जो मेलेलाच असतो, आणि सुताराचा गुण्या म्हणून ओळखला जाणारा चौकोनी आकार, ज्यात नीट खेळल्यास शेवट कोमध्ये होतो. हे आकार पावकी-निमकीसारखे पाठ व्हायला हवेत. आमच्या आजोबांच्या पिढीला बाजारात हिशेब करताना कागद लागत नसे, कारण ते पाढे शाळेत घोटून घेतलेले होते. एल आकाराचा गट डावात दिसला तर तो वाचत बसायचा नसतो, मेलेला म्हणून पुढे जायचं असतं. वाचलेला वेळ दुसऱ्या कोपऱ्यात कामी येतो.

'तेसुजी' वाचताना घाई करू नका. सुरुवातीलाच चाली पुढे वाचायच्या कशा, यावरचं एक प्रकरण आहे. ते दोनदा वाचा.

नुसत्या प्रश्नांसाठी रिचर्ड बोझुलिच यांचं '१००१ लाइफ अँड डेथ प्रॉब्लेम्स'. यात प्रश्न एका चालीचे, तीन चालींचे, पाच चालींचे असे विभागलेले आहेत. ही रचना मला फार आवडते, कारण किती खोल वाचायचं ते आधीच कळतं. फक्त एका चालीचा भाग म्हणजे सोपा, असं समजून तो वगळू नका. पहिली चाल बरोबर आली तरी पुढचं सगळं डोळ्यांपुढे आलं पाहिजे. त्याच लेखकाचं '५०१ तेसुजी प्रॉब्लेम्स' त्याला जोड म्हणून घेता येतं.

१० ते १ क्यू. इथे चो चिकुन यांच्या जगण्या-मरण्याच्या प्रश्नकोशाचा पहिला भाग घ्यावा. चो चिकुन कोरियात जन्मले, १९६२ साली वयाच्या सहाव्या वर्षी जपानला गेले आणि तिथल्या व्यावसायिक गोच्या सर्वोच्च पदांवर पोचले. पहिल्या भागात ९०० प्रश्न आहेत, सगळ्यांत काळ्याची चाल. इंटरनेटवर जी प्रत सर्वत्र फिरते तिच्यात उत्तरं नाहीत आणि याच कारणानं मी ती या टप्प्यावर सुचवते. आपल्या उत्तरावर आपलाच विश्वास बसेपर्यंत वाचावं लागतं. शेजारशेजारचे अनेक प्रश्न दिसायला सारखे असतात, एखाद्या सोंगटीचाच फरक असतो, आणि त्या एका सोंगटीनं उत्तर पार बदलतं. हे अंतर दिसू लागलं की प्रत्यक्ष डावात गट वेढला जात असतानाच धोक्याची घंटा वाजते. याच टप्प्यावर कोरियाच्या ली चांगहो यांच्या नावानं निघालेले त्सुमेगोचे सहा आणि तेसुजीचे सहा खंडही उपयोगाचे आहेत, पण त्यात मागचे खंड चांगलेच अवघड होतात.

आता वहीत फुसेकीच्या ओळी येऊ लागल्या असतील तर फुसेकीचं एक प्रश्नपुस्तक घ्यायला हरकत नाही. मात्र २०१६ मध्ये अल्फागो या संगणक प्रणालीनं कोरियाचे अव्वल खेळाडू ली सेडोल यांना ४-१ असं हरवल्यानंतर सुरुवातीच्या खेळाची समज पुष्कळ बदलली. कोपऱ्यातल्या ४-४ वर (दोन्ही कडांपासून चौथ्या रेषेवर) सोंगटी असताना लगेच ३-३ ला शिरण्यासारख्या चाली आज सर्रास खेळल्या जातात. त्यामुळे फुसेकी आणि जोसेकीच्या जुन्या पुस्तकांतली काही उत्तरं आता पटणार नाहीत. त्सुमेगोची पुस्तकं मात्र जुनी होत नाहीत. मेलेला गट शंभर वर्षांनीही मेलेलाच असतो.

डानच्या पातळीवर पोचल्यावर माएदा नोबुआकी यांचे प्रश्न घ्या. जपानमध्ये त्यांना त्सुमेगोचे दैवत मानत. त्यानंतर अभिजात संग्रह: १८१२ सालचा हायाशी गेनबी यांचा 'गोक्यो शुम्यो' आणि चीनमधला चौदाव्या शतकातला 'श्वानश्वान चीजिंग', ज्यात प्रत्येक प्रश्नाला काव्यमय नाव आहे. आणि अगदी शेवटी, पुरेशी वर्षं गेल्यावर, ज्याच्यापासून मी सुरुवात केली होती ते पुस्तक. माझी प्रत अजून कपाटातच आहे.

पायरी ६: पुस्तक मिळवताना

प्रश्नसंग्रहांची मराठी पुस्तकं माझ्या पाहण्यात नाहीत, त्यामुळे इंग्रजीवर भागवावं लागतं. कागदी पुस्तक परदेशातून मागवायचं तर टपालखर्च धरूनच हिशेब करा. आम्ही चार-पाच जण मिळून एकदम मागवतो आणि वेगवेगळी पुस्तकं घेऊन आपसांत फिरवतो. आयफोन किंवा आयपॅड असेल तर स्मार्टगोमध्ये कानो आणि बोझुलिच यांची बरीच पुस्तकं मिळतात आणि आकृतीवर बोटानं चाली खेळून पाहता येतात. ही सोय उत्तर तपासताना वापरा, सोडवताना नको.

जपानी आणि चिनी पुस्तकांना घाबरू नका. त्सुमेगोत वाचायचं असतं ते आकृतीत. जपानीतले चार शब्द पुरतात: कुरो म्हणजे काळा, शिरो म्हणजे पांढरा, सेइकाई म्हणजे बरोबर उत्तर, शिप्पाई म्हणजे फसलेली चाल. त्यांची चिन्हं एका कागदावर उतरवून पुस्तकात खूण म्हणून ठेवली, की आठवडाभरात ती ओळखीची होतात.

फुकट हवं असेल तर ब्लॅक टू प्ले, त्सुमेगो प्रो, गोप्रॉब्लेम्स आणि चिनी १०१ वेईची ही ठिकाणं आहेत. रोजच्या लोकल प्रवासात किंवा पीएमपीच्या बसमध्ये फोनवर दहा प्रश्न होतात. तरीही मी मुख्य अभ्यासाला पुस्तकच धरते. ॲपवर चूक झाली की लगेच लाल खूण येते, मग दुसरी जागा दाबून पाहिली जाते, मग तिसरी. थोड्या वेळानं आपण वाचत नसतो, नुसतं दाबत असतो. पुस्तक लगेच काही सांगत नाही, म्हणून वाचून संपवावंच लागतं. ॲप वापरणारच असाल तर एक नियम पाळा: पहिली चाल चुकली की तो प्रश्न तिथेच सोडायचा आणि उद्या पुन्हा घ्यायचा.

पायरी ७: घेतलेलं पुस्तक तीनदा सोडवा

रोज वीस मिनिटं, दहा ते पंधरा प्रश्न, सकाळी डोकं ताजं असताना. रविवारी एकदम शंभर सोडवण्यापेक्षा हे चांगलं, कारण तिसाव्या प्रश्नानंतर डोळे वाचत नाहीत, अंदाज करतात.

पेन्सिल जवळ ठेवा. पहिल्या फेरीत सुटलेल्या प्रश्नाला काहीच खूण नाही, चुकलेल्याला एक टिंब आणि तारीख. चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर पाहून झालं की तो पटावर मांडा आणि पांढऱ्याच्या बाजूनं खेळून काळ्याला हरवायचा प्रयत्न करा. मला वाटतं, शिकणं खरं इथे होतं. माझ्या प्रतीत एका पानावर, कोपऱ्यातल्या एका प्रश्नाशेजारी, चार टिंबं आणि चार तारखा आहेत. दर वेळी मी आधी बाहेरून हाने (समोरच्याच्या सोंगटीला वळसा घालणारी चाल) खेळत होते आणि आतली जागा समोरच्याला देत होते. चौथ्या वेळी कळलं की हा प्रश्न मला येत नव्हता असं नाही. बाहेरून आत यायची ही सवय मला प्रत्येक डावात होती. त्यानंतर वहीतल्या जुन्या ओळी पाहिल्या, तर "कोपरा मेला"च्या तीन ओळींत तीच चूक निघाली.

दुसरी फेरी सगळ्या पुस्तकाची, फक्त टिंबांची नव्हे. पहिल्यांदा नशिबानं सुटलेले प्रश्न इथे उघडे पडतात. उत्तर आठवतंय म्हणून सुटलं तर हरकत नाही, पण पांढऱ्याचं सर्वांत चिवट उत्तरही आठवलं पाहिजे. तिसऱ्या फेरीत घड्याळ लावा. पहिल्यांदा मिनिट लागलेल्या प्रश्नाला आता दहा सेकंदांहून जास्त लागू नयेत.

तिसऱ्या फेरीत पानामागून पानं टिंबांशिवाय जाऊ लागली की पुढच्या पुस्तकातले मधले दहा प्रश्न काढा. तोवर नवीन पुस्तक मागवू नका, सवलत असली तरी. आणि दोन-तीन महिन्यांनी पहिली पायरी पुन्हा करा, कारण वहीतल्या ओळी तोवर बदललेल्या असतात. गट मरायचे थांबले आणि त्यांच्या जागी "शेवटी गुण सोडले" असं वारंवार येऊ लागलं, की योसेचं पुस्तक शोधायची वेळ आली.